वाऱ्याच्या बाणाखाली तीन मिनिटं

निखाडेंना मी बसलेलं पाहिलं ते एकूण दोनदा. एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नात, तेही कन्यादानापुरतं, आणि एकदा डिसेंबरातल्या एका दुपारी, खांबाच्या चौथऱ्यावर. अकरा-बारा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. त्या खोलीत त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर रजिस्टरं बसायची.

पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळालगत आमचं कापूस संशोधनाचं फार्म होतं. मी तिथे शहात्तर साली सांख्यिकी सहायक म्हणून लागले. माहेर अमरावतीचं, सासर पुलगावचं. रोज छोट्या गाडीने जायचं आणि छोट्या गाडीनेच परतायचं. ती इतकी निवांत चालायची की उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येईल, असं लोक म्हणत. मी तसं कधी केलं नाही, पण फार वेळा मनात आलं.

निखाडे फार्मच्या वेधशाळेचे निरीक्षक. वेधशाळा हा शब्द ऐकून घुमट वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. तारेच्या कुंपणातला एक चौकोन, त्यात तापमापक ठेवलेली पांढरी पेटी, पाऊस मोजायचं भांडं आणि कडेला उंच लोखंडी खांब. खांबाच्या टोकावर वाऱ्याचा बाण फिरायचा आणि त्याच्याखाली उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम दाखवणारे चार लोखंडी हात पक्के बसवलेले होते. बाण कोणत्या हाताकडे वळलाय ते पाहायचं आणि लिहायचं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला. एवढंच त्यांचं काम, आणि एवढ्याशा कामासाठी माणूस दिवसभर पायाला चाकं लावल्यासारखा हिंडायचा.

उंच, काटकुळे, पायजमा नि पांढरा शर्ट, आणि डोक्यावरची टोपी केसांना पिनेने अडकवलेली. चहा ते चालत प्यायचे. बशी एका हातात, कप दुसऱ्या हातात, व्हरांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला. आकडे सांगायचे तर खिडकीतून सांगायचे, तेही एका खिडकीत सुरू करून दुसरीत संपवायचे. मला सुरुवातीला फार राग यायचा. मी म्हटलं, निखाडे, एका जागी उभे राहून सांगा, माझी मान दुखते. ते म्हणाले, "वारा राह्यते का एका जागी, मॅडम?" मी मान फिरवत राहिले.

माणसंही ते वाऱ्याच्या भाषेत सांगायचे. आमचे अधीक्षक मोहरील साहेब रागात असले की "साहेब आज वायव्येचे हायत, जाऊ नका" असा निरोप मला व्हरांड्यातून मिळायचा. मी स्वतः कोणत्या दिशेची होते ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शिपाई सांगायचा की माझ्यासाठी त्यांच्याकडे वावटळ हा शब्द होता.

पण दिवसातून दोनदा, वाचनाच्या वेळी, हा माणूस खांबाखाली जाऊन उभा राहायचा आणि तीन मिनिटं हलायचा नाही. बाण सारखा डुलतो, म्हणून तीन मिनिटं पाहून मग सरासरी दिशा ठरवायची, असा नियम. मान वर, हात पाठीमागे, पापणीसुद्धा लवायची नाही. अंगावर माश्या बसल्या तरी बसू द्यायचे. त्या वेळात त्यांना हाक मारायची नाही हे फार्मवरच्या बैलांनासुद्धा ठाऊक होतं. तिसरं मिनिट संपलं की रजिस्टरात एक नोंद, आणि पुन्हा फेऱ्या सुरू.

त्यांचं एक ब्रीद होतं: "ना खाडा, ना खोड." एकही दिवस गाळायचा नाही आणि लिहिलेलं खोडायचं नाही. सत्तर सालापासूनची रजिस्टरं त्या खुर्चीवर चढत गेलेली, आणि त्यांत खरोखरच एक खाडाखोड नव्हती. शेऱ्यांचा रकाना पानोपानी कोरा. नवा कोणी माणूस आला की ते मधलंच एखादं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरायचे. त्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही, पण मान डोलवावी लागायची.

मुलीच्या लग्नाचा किस्सा फार्मवर वर्षानुवर्षं चालला. गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड देवळीहून येऊन टेकलेलं, मांडव फार्मच्या क्वार्टरांपुढे घातलेला. सव्वापाचला नवऱ्या मुलीचा बाप गायब. मामा शोधतायत, भटजी शोधतायत, नवरदेवाचे काका तर रुसायच्या बेतात आलेले. शेवटी ते काकाच शोधत शोधत कुंपणापाशी गेले, तर निखाडे फेटा बांधून, नवं धोतर नेसून खांबाखाली मान वर करून उभे. काकांनी तोंड उघडलं, तसं यांनी एक बोट वर केलं. काका तीन मिनिटं तिथेच उभे राहिले. मग नोंद झाली, आणि मग निखाडे येऊन पाटावर बसले. मुलगी मात्र त्या दिवशी रागावली ती कितीतरी दिवस बोलली नाही. माहेरपणाला आली की म्हणायची, "बाबाले माह्या लग्नात बी बाणच दिसून राह्यला होता." ते हसून सोडून द्यायचे, पण हे त्यांना लागलेलं होतं. मला ते ठाऊक होतं, कारण ते हसताना फेऱ्या जास्त मारायचे.

आता नकाशाकडे येते, कारण सगळं तिथूनच झालं. आसपासच्या तेरा गावांच्या शाळांत फार्मने छोटे खांब बसवून दिले होते. चौऱ्याहत्तर साली निखाडेंनीच सायकलवर हिंडून ते उभे केले. तिथले मास्तर दर शनिवारी आठवड्याचं वारं, दिशा आणि अंदाजाने वेग, पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे. ती कार्डं आली की निखाडे उंच टेबलापाशी उभे राहून जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशावर टाकाने ते वारे काढायचे. प्रत्येक गावाला एक बारीक वर्तुळ. वारा जिकडून येतो तिकडे वर्तुळातून निघालेली एक काठी. काठीच्या टोकाला पिसं: दहा नॉट वेगाला एक पूर्ण पीस, पाचाला अर्धं. पन्नासाला भरीव त्रिकोण असतो. तो त्यांनी एकदाच काढला होता, आणि त्या दिवशी आमच्या गोदामाचे पत्रे उडाले होते. वर्तुळात उभं राहून काठीकडे तोंड केलं की पिसं उजव्या हाताला यायला हवीत. एकदा मोहरील साहेबांनी हौसेने एक काठी काढली आणि पिसं डावीकडे काढली. निखाडेंनी तो नकाशा गुंडाळला आणि नवा घेतला.

शहाऐंशीत फार्मवर कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यासोबत प्लॉटर, म्हणजे पेन धरून कागदावर आपोआप रेघा काढणारं यंत्र. मला सहा आठवडे प्रशिक्षणाला पाठवलं. मी गणितवाली, मला ते फार आवडलं. परत आल्यावर साहेबांनी सांगितलं की सत्तरपासूनचे सगळे वारे यंत्रात भरा, महिन्यागणिक नकाशे काढा, आपण पुस्तक छापू. जिल्ह्याच्या वाऱ्यांचं पुस्तक. निखाडे दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि चालता चालता विचारलं, आपल्या फार्मची काठी त्यात येईल ना. मी म्हटलं, सगळ्यात पहिली तीच.

"मंग पोरीले दाखवतो," ते म्हणाले. "बाप रोज कुठं पळे ते तिले एकदा दिसू द्या."

कॉम्प्युटरच्या खोलीला गारवा हवा म्हणून यंत्र बसवलं होतं आणि खिडक्या खिळे मारून बंद केल्या होत्या. चपला बाहेर काढून आत जायचं. निखाडे दारातच थबकले. ज्या खोलीत वारा येत नाही तिथे वाऱ्याचा नकाशा काढायचा म्हणजे विहिरीत बसून पतंग उडवायचा, असं त्यांनी शिपायाला सांगितलं, मला ऐकू येईल अशा बेताने.

माझा पहिला नकाशा निघाला तो पंच्याहत्तरच्या आषाढाचा. पेन खरखर करत चौदा काठ्या काढून थांबलं. मला इतका आनंद झाला की मी कागद तसाच ओला घेऊन व्हरांड्यात गेले. निखाडेंनी तो चालतच घेतला, दोन पावलं टाकली आणि थांबले.

"मॅडम, आषाढात हे समदे वारे वापस काऊन चालले?"

चूक माझी होती. गणितात आम्ही बाण काढतो तो वस्तू जाते तिकडे. मी वारा जातो तिकडे काठ्या काढल्या होत्या. सगळा पावसाळा उलट पावली अरबी समुद्राकडे निघाला होता. मी आत जाऊन ते उलटवलं, तर काठ्या नीट झाल्या, पण पिसं डाव्या हाताला गेली. तो कागद पाहून ते म्हणाले, दक्षिण गोलार्धात पिसं अशी काढतात, मॅडमनी आपल्याला ऑस्ट्रेलियात नेलं. मी चिडले. पण तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं, आणि त्यांनी खिशातून आपली जुनी शाई पुसायची फडकी काढून त्या कागदाचा कोपरा टिपला. प्लॉटरचं काम त्यांनी मान्य केलं, असा मी त्याचा अर्थ घेतला.

पुढचं वर्ष आकडे भरण्यात गेलं. लाइट जायची आणि भरलेलं निम्मं पुसलं जायचं. मी पुन्हा भरायची. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर सगळे महिने एकत्र करून नकाशे काढले, आणि तेव्हा ते दिसलं. तेरा गावांच्या काठ्या एका ओळीत शेतातल्या पिकासारख्या कलल्या होत्या, आणि मधोमध आमच्या फार्मची काठी तेवढी वेगळी उभी होती, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दहाएक अंश जास्त कललेली. आषाढात तशी, पौषात तशी, चैत्रातही तशी.

निखाडे म्हणाले, तुमचा प्रोग्राम चुकला. आधी दोनदा चुकलाच होता, तेव्हा मला उलट बोलायला तोंड नव्हतं. मी तीन आठवडे ओळ न ओळ तपासली. हातानेही काढून पाहिलं, तरी तीच काठी तशीच वाकडी. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की शिपायाने व्हरांड्यातला पाण्याचा माठ उचलून कोपऱ्यात नेलं. मी प्रोग्राम निर्दोष आहे म्हटल्यावर ते म्हणाले, तर मग त्या तेरा मास्तरांचे खांब चुकले.

तेरा जण एकदम, एकाच अंशाने चुकतील? मी विचारलं. ते तडक निघून गेले आणि त्यांनी तेराही शाळांना पोस्टकार्डं टाकली की आपली उत्तर तपासून कळवा.

त्यांची उत्तर शोधायची रीत मला पाठ होती, कारण ती ते प्रत्येकाला ऐकवायचे. मोकळ्या अंगणात ओळंबा टांगायचा. त्याच्या दोरीची सावली दुपारी आखत जायची. सावली सगळ्यात आखूड होते ती रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. बाकी कशावर विश्वास ठेवायचा नाही, होकायंत्रावरही नाही, कारण खांब लोखंडाचा. चौऱ्याहत्तरात त्यांनी प्रत्येक शाळेत हेच केलं होतं.

कार्डं येऊ लागली. कोणी लिहिलं, तपासली, बरोबर आहे. कोणी लिहिलं, गावकऱ्यांसमोर तपासली. एका म्हाताऱ्या मास्तरांचं कार्ड मात्र असं होतं: "आपण स्वतः आखलेली रेघ शाळेच्या फरशीवर कोरून घेतली आहे. मुले दर वर्षी तिच्यावर ओळंबा धरतात. आपलीच उत्तर आहे, ती कशी चुकेल?" निखाडेंनी ते व्हरांड्यात उभं राहून वाचलं. मग माझ्या टेबलावर ठेवलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मी त्या संध्याकाळी एक गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. फार्मच्या काठ्या वर्षवार वेगळ्या काढल्या. चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर आमची काठी बाकीच्यांच्या बरोबर होती. एकोणऐंशीच्या आषाढापासून ती चांगली वीसेक अंशांनी वाकडी झाली, आणि मग एकाही वर्षी सरळ झाली नाही. मी तो कागद त्यांना दिला. त्यांनी घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खांबापाशी बोलावलं. चौथऱ्यावर चढायला लावलं आणि म्हणाले, वर उत्तरेचा हात पाहा आणि त्याच रेषेत नजर सरळ पुढे न्या. मी पाहिलं. लोखंडी हाताच्या टोकाखालून पुढे कुंपण, कुंपणापलीकडे कपाशीचं वावर, आणि त्यापलीकडे छोट्या गाडीचे रूळ, थेट त्या हाताच्या रेषेत आर्वीकडे गेलेले.

"कुठं गेली नजर?"

"रुळावर," मी म्हटलं.

ते चौथऱ्यावर बसले. दुसऱ्यांदा मी त्यांना बसलेलं पाहिलं ते हे.

इथे आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. आर्वी पुलगावच्या उत्तरेला, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. म्हणून फार्मवर आर्वीकडच्या बाजूला सगळे उत्तर म्हणायचे. आर्वीकडचा बांध तो उत्तर बांध, आर्वीकडचं गोदाम ते उत्तर गोदाम. मीही म्हणायची. प्रत्यक्षात तो रूळ उत्तरेच्या डावीकडे चांगलाच कललेला आहे. नकाशात पाहिलं की दिसतं, पण रोज ज्या गाडीत बसतो तिची दिशा कोण नकाशात पाहायला जातो?

त्यांनी सांगितलं ते असं. एकोणऐंशीत नवीन गोदाम बांधलं, म्हणून खांब जुन्या जागेवरून इथे हलवला. आषाढ होता, पाच दिवस सूर्य नाही, रात्री तारे नाहीत. आणि ऊन पडलं असतं तरी आषाढात आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो, दोरीची सावली पायातच राहते, रेघ आखता येत नाही. साडेपाचचं वाचन तर चुकवायचं नव्हतं. त्यांनी तात्पुरतं म्हणून उत्तरेचा हात रुळाच्या रेषेत बसवला. थंडीत सावली लांबली की नीट करू, असं ठरवून.

"मंग काऊन नाई केलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. मला आठवतं, माझा आवाज चढला होता.

"थंडी आली तवा चार महिन्यांचं वाचन झालतं. दुरुस्त केलं तर शेऱ्यात लिहा लागते का आतापर्यंतचं चूक हाय." ते खांबाकडे न पाहता बोलत होते. "कोरा रकाना होता, मॅडम. आज लिहू, उद्या लिहू करत राह्यलो. अन् रोज तेच पाह्यलं का तेच खरं वाटते. दोन वर्षांनी तर मी विसरूनच गेलतो. म्या त्या मास्तरायले कार्डं टाकले ते खोटेपणानं नाई टाकले. मले खरंच वाटलं का ते चुकले."

मला त्यांची कीव आली, आणि भीतीही वाटली. पुस्तकाचा नियम ठरलेला होता: ज्या ठिकाणची सगळी वर्षं भरवशाची त्याचीच काठी काढायची, बाकीच्यांचं नुसतं रिकामं वर्तुळ. म्हणजे त्यांनी हे सांगितलं की फार्मची काठी गेली. मुलीला दाखवायचं ते गेलं. तेव्हा मी जे बोलले ते नियमात बसणारं नव्हतं, पण मला त्याची आजही लाज वाटत नाही. मी म्हटलं, निखाडे, प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम आहे. एकोणऐंशीच्या आषाढापासून वीस अंश वजा करते. काठी सरळ होईल. तुम्ही आणि मी सोडून कोणालाही कळणार नाही.

ते उठले आणि गेले. पुढचे तीन दिवस सकाळी माझी गाडी यायची तेव्हा ते रुळालगत चालत असायचे, संध्याकाळी गाडी सुटायची तेव्हाही. मी ती एक ओळ लिहून ठेवली होती. फक्त एक कळ दाबायची होती. मी रोज खुर्चीत बसून तिच्याकडे पाहायची, आणि मलाही एका जागी बसवेना. खिळे मारलेल्या त्या खोलीत मीसुद्धा फेऱ्या मारू लागले.

चौथ्या दिवशी ते आत आले. चपला बाहेर काढून, पहिल्यांदाच दारात न थबकता.

"तुमी वजा नका करू," ते म्हणाले. "म्या सोळा दिशांत वाचलं. बाण मधात राह्यला तर जवळच्या घरात टाकला. एकदा घरात टाकल्यावर वीस अंश काढून तो खरा नाई होत. काठी सरळ दिसन, पण ते मह्यं वाचन नाई राह्यत. तो तुमचा हिशोब होते."

मी म्हटलं, पण मुलगी? पुस्तक?

त्यांनी बगलेतलं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. एकोणऐंशीच्या आषाढाचं पान. शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात लाल शाईने, त्यांच्या त्याच सुबक अक्षरात लिहिलेलं: "खांब आज हलवला. उत्तरेचा हात रुळाच्या रेषेत बसवला. आजपासूनच्या सर्व दिशा चूक. चूक माझी." खाली सही. पुढची पानंही त्यांनी उलटून दाखवली. प्रत्येक पानावर, साडेआठ वर्षांच्या प्रत्येक पानावर, लाल शाईत तीच शेवटची दोन वाक्यं. तीन दिवस ते तेच करत होते. घरी आणि रुळावर, उभ्यानेच.

साहेबांना त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर साहेबांनी लिहू दिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेब तसे वाईट नव्हते, पण पुस्तक आपलं आणि त्यात आपलंच वर्तुळ रिकामं, हे त्यांच्या गळी उतरेना. मला बोलावून विचारलं की यंत्रात काही करता येणार नाही का. मी म्हटलं, नाही. एवढं धडधडीत खोटं मी नोकरीत एकदाच बोलले. आत येऊन मी ती लिहून ठेवलेली ओळ पुसून टाकली.

त्याच आठवड्यात, थंडीच्या लख्ख उन्हात, निखाडेंनी ओळंबा टांगला. दुपारभर सावलीवर खडूच्या खुणा करत राहिले. सगळ्यात आखूड सावली मिळाली तेव्हा चौथऱ्यावर छिन्नीने रेघ कोरली आणि खांबावर चढून उत्तरेचा हात फिरवला. फार नाही, वीतभर. मी खाली उभी होते. साडेपाचला ते बाणाखाली तीन मिनिटं उभे राहिले. रजिस्टरात लिहिलं, आणि शेऱ्यात काळ्या शाईने: "आजपासून बरोबर." चार महिन्यांनी ते निवृत्त झाले.

पुस्तक अठ्ठ्याऐंशीत छापून आलं. एक प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ते घरात नव्हते, अर्थातच, रस्त्यातच सापडले. त्यांनी उभ्या उभ्या पानं चाळली. तेरा काठ्या, तेरांची पिसं उजव्या हाताला, आणि मधोमध आमचं रिकामं वर्तुळ. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक बगलेत मारून ते देवळीच्या एसटीला गेले. मुलीकडे काय झालं ते त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. तिने नकाशावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, तुमचं कुठं हाय?" यांनी वर्तुळावर बोट ठेवलं. ती म्हणाली, इथे तर काहीच नाही. मग यांनी तिला बाजल्यावर बसवून सगळं सांगितलं, रुळापासून लाल शाईपर्यंत.

"मंग काय म्हणाली?" मी विचारलं.

"काई नाई. जेवाले वाढलं अन् म्हणे, आज बसून जेवा बाबा. मंग बसलो."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, एकोणनव्वदच्या पावसाळ्यात. फार्ममधून लवकर निघाले होते आणि छोट्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती. वाटेत एका गावाजवळ गाडी, तिच्या रिवाजाप्रमाणे, काही कारण नसताना थांबली. रुळाला लागूनच शाळा होती, त्या तेरांतली एक. अंगणातल्या खांबापाशी सायकल टेकवलेली. तिच्या दांड्याला ओळंब्याची पिशवी टांगलेली. मला फार्मवर कळलं होतं की निवृत्तीनंतर ते कोणी न सांगता शाळाशाळांत जाऊन प्रत्येकीची उत्तर पुन्हा तपासत फिरतात. मास्तर वैतागतात आणि चहा पाजतात.

निखाडे बाणाखाली उभे होते. मान वर, हात पाठीमागे, टोपी पिनेने अडकवलेली. वारा चांगलाच होता. माझ्या अंदाजाने दीड पिसाचा, नैऋत्येचा. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून एकतीस मिनिटं झाली होती. मी तोंड मिटलं. गाडीने शिट्टी दिली, धक्का दिला आणि हलली, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. त्यांचं अजून एक मिनिट बाकी होतं.